बिनोदिनीचे नाव

कोलकात्याच्या हातीबागान भागातील स्टार थिएटर यापुढे ‘बिनोदिनी थिएटर’ म्हणून ओळखले जाईल, अशी घोषणा पश्चिम बंगाल सरकारने २०२४ च्या डिसेंबरअखेर केली. नामांतराच्या बातम्या आपल्याकडे रोजच्याच असल्याने ही फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही. मात्र बिनोदिनी दासी यांना हे नाव १८८३ मध्येच कबूल करण्यात आले होते.

१८६३ च्या सुमारास कॉर्नवॉलिस स्ट्रीटलगतच्या वारांगनांच्या वस्तीत त्यांचा जन्म झाला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. भाड्याने राहणाऱ्या गंगाबाई नावाच्या गायिकेने त्यांना गाणे शिकवले आणि १८७४ मध्ये दरमहा १० रुपयांवर त्या ग्रेट नॅशनल थिएटरात दाखल झाल्या. बंगाली व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया येऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. मायकेल मधुसूदन दत्त यांच्या आग्रहाने बेंगॉल थिएटरने १८७३ मध्ये चार नटी घेतल्या, आणि विधवाविवाहासाठी झगडलेल्या विद्यासागरांनी त्याच कारणावरून त्या संस्थेशी संबंध तोडला. (आपल्याकडे त्यानंतर काही वर्षांनी किर्लोस्कर मंडळींच्या ‘सौभद्र’मध्ये सुभद्रेची भूमिका भाऊराव कोल्हटकर करीत होते.)

१८७५ च्या उत्तर हिंदुस्थानच्या दौऱ्यात लखनौला ‘नीलदर्पण’चा प्रयोग झाला. नीळवाल्या साहेबाला रयत मारहाण करते, हा प्रवेश पाहून प्रेक्षकांतील गोरे खवळले आणि थेट रंगमंचावर चढले. प्रयोग बंद पडला, मंडळींनी शहर सोडले. पुढच्याच वर्षी सरकारने नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा आणला.

पुढे गिरीशचंद्र घोष यांच्या तालमीत बिनोदिनींची कला बहरली. ‘मेघनादवध’च्या एकाच प्रयोगात त्या सात भूमिका करीत. मात्र नॅशनल थिएटरचे मालक प्रतापचंद जहुरी यांनी आजारपणातील रजेचा पगार नाकारला आणि मंडळींच्या मनात स्वतःच्या नाट्यगृहाचा विचार बळावला. पैसा होता गुर्मुख राय या मारवाडी तरुणाकडे. त्याची अट एकच, बिनोदिनींनी त्याच्या आश्रयाला यावे. सहकाऱ्यांनी गळ घातली. नाट्यगृहाचा नाद सोडल्यास ५०,००० रुपये रोख देण्याची तयारी गुर्मुखने दाखवली, पण बिनोदिनींनी ती रक्कम नाकारून नाट्यगृहच मागितले. बीडन स्ट्रीटवर बांधकाम सुरू झाले, तेव्हा त्यांनी स्वतः मातीच्या टोपल्या वाहिल्या. वास्तूला त्यांच्या नावाचे आद्याक्षर घेऊन ‘बी थिएटर’ म्हणायचे ठरले होते. नोंदणी करून मंडळी परतली, तेव्हा कागदावर ‘स्टार’ लिहिलेले होते. वेश्येच्या नावाच्या नाट्यगृहात प्रतिष्ठित प्रेक्षक येणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. २१ जुलै १८८३ रोजी ‘दक्षयज्ञ’ने पडदा उघडला, सती झाल्या होत्या बिनोदिनी.

गुर्मुख रायने लवकरच अंग काढून घेतले. जाताना बिनोदिनींना मालकीत वाटा द्यावा, अशी त्याची इच्छा होती. गिरीशबाबूंनी बिनोदिनींच्या आईला समजावून तो बेत मोडला आणि ११,००० रुपयांत नाट्यगृह चौघा पुरुष सहकाऱ्यांच्या नावे झाले. गिरीशबाबू थोर नाटककार होते, गुरूही होते. तरीही हा व्यवहार मला क्षम्य वाटत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य घालवल्यावर एवढे कळते, की श्रमाची आठवण माणसे विसरतात. दप्तरी नोंद तेवढी उरते.

१८८४ मध्ये ‘चैतन्यलीला’ आले. चैतन्यांच्या भूमिकेत बिनोदिनी. ज्यांना त्यांचे नाव दारावर नको होते, तेच प्रेक्षक आता साश्रू नयनांनी हात जोडत होते. २१ सप्टेंबरला रामकृष्ण परमहंस स्वतः प्रयोगाला आले आणि त्यांनी बिनोदिनींना आशीर्वाद दिला. १८८६ सरता सरता, पंचविशीही गाठली नसताना, त्यांनी रंगभूमी सोडली. मुलगी शकुंतला हिला शाळेत घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण आईची जात आड आली. १९०४ मध्ये शकुंतला वारली. १९१२ साली ‘आमार कथा’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. नाट्यगृहाच्या नावाची हकिकत त्यांनी त्यातच नोंदवून ठेवली. १९४१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बीडन स्ट्रीटवरील ती वास्तू पुढे नव्या हमरस्त्यासाठी पाडली गेली. हातीबागानचे स्टार उघडले १८८८ मध्ये, म्हणजे बिनोदिनी निवृत्त झाल्यानंतर. आज ज्या इमारतीला त्यांचे नाव मिळाले आहे, तिच्या रंगमंचावर त्या कधीही उभ्या राहिल्या नाहीत. उतारवयात त्या तेथे येत, त्या नाटक पाहायला.