४२.३४ मीटरवरचा आवाज

मी मंगरूळपीरचा. हॉस्टेलवर आल्यापासून "हे कुठं आलं रे?" या प्रश्नाचं उत्तर मी किमान पन्नासदा दिलं असेल. तर मित्रांनो, वाशीम जिल्ह्यात. बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरते ते गाव, आणि दादा हयात कलंदर यांचा दर्गा असलेलं गाव. नावातला 'पीर' त्यामुळेच. आमच्या घरी फळीवर आजोबांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ असायचा. संध्याकाळी जेवणाआधी त्याचं बटण फिरवणं हा आजोबांचा नेम. सिलोनची गाणी आणि बीबीसीची हिंदी सेवा. कधी अरबी, कधी चिनी, न कळणारं काहीही ते कान देऊन ऐकायचे. आम्ही पोट्टे हसायचो. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण बंद झालं आणि तो रेडिओ माळ्यावर गेला.

सेकंड इयरला असताना मी शहाणपणा करायला गेलो. ईएनटीसीचा विद्यार्थी ना मी! सुट्टीत रेडिओ खाली काढला, उघडला आणि बँड स्विचचे दोन सोल्डर तोडून ठेवले. आजोबा काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले की शॉर्टवेव्हवर एका पोरीनं इंग्रज सरकारला अडीच महिने झोपू दिलं नव्हतं, ते आधी वाच आणि मग हत्यारं हातात घे. राग आला, पण वाचलं. ती पोरगी म्हणजे उषा मेहता. २०२४ साली त्यांच्यावर सिनेमा आला म्हणून बऱ्याच जणांना नाव माहीत झालं असेल. मी इथं सिनेमातलं नाही, खरं काय झालं ते सांगतो.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावातला. वडील इंग्रजांच्या नोकरीत न्यायाधीश. घरात शिस्त, आणि वडिलांच्या नोकरीमुळे चळवळीत पडायला बंदीच. तरी १९२८ साली, वयाच्या आठव्या वर्षी, सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात ही मुलगी होती. पुढे वडील निवृत्त झाले, कुटुंब मुंबईला आलं आणि अडचण सुटली. विल्सन कॉलेजमधून १९३९ साली तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मग कायद्याचा अभ्यास सुरू केला. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा गंधही नाही!

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते तुरुंगात. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. देशात कुठं काय चाललंय हे लोकांना कळायला मार्गच उरला नाही. तेव्हा उषाबेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की आपलं स्वतःचं रेडिओ केंद्र काढायचं. वय किती? बावीस. आपल्यातले फायनल इयरचे ज्या वयात प्लेसमेंटच्या काळजीत असतात, त्या वयात त्यांनी शिक्षण बाजूला ठेवलं.

पैशांची जबाबदारी बाबूभाई खाखर यांनी घेतली. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी ही मंडळी बरोबर होती. प्रश्न होता ट्रान्समीटरचा. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे म्हणजे हॅम लोकांचे परवाने रद्द केले होते आणि संच जमा करायला लावले होते. नरिमन प्रिंटर नावाच्या एका जुन्या हॅम तंत्रज्ञाने ट्रान्समीटर जुळवून दिला. २७ ऑगस्ट १९४२ ला चौपाटीजवळच्या सी व्ह्यू इमारतीतून 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. लहरीची लांबी ४२.३४ मीटर.

आता जरा आपला विषय. ३०० ला ४२.३४ ने भागा. उत्तर येतं सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. म्हणजे हॅम लोकांचा ४० मीटरचा पट्टा! दिवसा आयनोस्फियरचा खालचा डी थर या लहरी बऱ्याच खाऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, वरच्या एफ थरावरून लहरी परत जमिनीवर येतात आणि शेकडो किलोमीटर लांब पोचतात. काँग्रेस रेडिओचे कार्यक्रम संध्याकाळी होत, त्या वेळेला हा पट्टा अगदी सोयीचा.

पण जी लहर श्रोत्यांपर्यंत पोचते ती पोलिसांपर्यंतही पोचतेच. लूप अँटेना फिरवत जायचं, आवाज सगळ्यात बारीक होतो ती दिशा नोंदवायची, दुसऱ्या जागेवरून तेच करायचं. नकाशावर दोन रेषा जिथं छेदतात तिथं केंद्र. म्हणून ही मंडळी सतत जागा बदलत राहिली. सी व्ह्यूनंतर लॅबर्नम रोडवरची अजित व्हिला, मग सँडहर्स्ट रोड, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मी मंदिराजवळचा एक बंगला. या पट्ट्यावर अर्धलहरी अँटेना करायचा म्हटलं तर २१ मीटर तार लागते. भरवस्तीत नवीन जागा घ्यायची, तार ताणायची आणि शेजाऱ्यांना संशयही येऊ द्यायचा नाही. आपल्याला टेरेसवर डिश लावायला रेक्टरची परवानगी मिळत नाही!

बातम्या देशभरातून माणसांच्या हाती यायच्या. डॉ. राममनोहर लोहिया आणि आपल्या अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन यांची या कामाला साथ होती. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातल्या घटना इथूनच लोकांना कळल्या. आणि विदर्भातल्या मुलांनी लक्षात ठेवावं असं म्हणजे, आष्टी आणि चिमूर! १६ ऑगस्ट १९४२ ला तिथं उठाव झाला, मग चिमूरमध्ये लष्कर आणि पोलिसांनी गावावर, विशेषतः बायकांवर अत्याचार केले. प्राध्यापक भन्साळींनी त्याच्या चौकशीसाठी ६३ दिवस उपोषण केलं. छापायला बंदी असलेले हे अत्याचार काँग्रेस रेडिओने लोकांना सांगितले. आजोबांना चिमूरच्या गोष्टी त्यांच्या वडिलांकडून माहीत होत्या, म्हणून त्यांना उषाबेनचं अप्रूप होतं हे मला तेव्हा कुठं समजलं.

१२ नोव्हेंबर १९४२. पोलिसांनी त्या तंत्रज्ञाला पकडलं आणि पत्ता त्याच्याकडूनच मिळाला. दुपारी बाबूभाईंच्या ऑफिसवर धाड पडली. उषाबेनना आता काय होणार ते कळलं होतं. पळून जाता आलं असतं. त्यांनी आधी कागदपत्रं सुरक्षित जागी पोचवली आणि संध्याकाळी चंद्रकांत झवेरींसोबत पारेखवाडीत जाऊन ठरलेला कार्यक्रम लावला. शेवटी 'वंदे मातरम्'ची तबकडी वाजत असताना पोलीस दारं फोडून आत आले. बंद करायला सांगितलं, त्यांनी केली नाही.

पुढचे सहा महिने चौकशी. परदेशात शिकायला पाठवतो, फक्त नावं सांगा, असंही आमिष दाखवून झालं. त्या गप्प राहिल्या. कोर्टातही त्यांनी प्रश्नांची उत्तरं द्यायचं नाकारलं. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं, चंद्रकांतना एक वर्ष शिक्षा झाली. उषाबेन येरवड्याला होत्या. १९४६ मध्ये सुटल्या तेव्हा तब्येत पार बिघडलेली होती. राजकारणात धावपळ जमेना म्हणून पुन्हा पुस्तकं हातात घेतली, गांधीविचारांवर पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात आणि मग मुंबई विद्यापीठात शिकवलं. मणिभवनचं काम शेवटपर्यंत पाहिलं. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं. ११ ऑगस्ट २००० ला त्या गेल्या. दोनच दिवस आधी, क्रांतिदिनी, ऑगस्ट क्रांती मैदानावरच्या कार्यक्रमाला हजर होत्या.

मला या सगळ्यात त्या तंत्रज्ञाचा विचार सोडत नाही. सर्किट त्याला येत होतं, उषाबेनना येत नव्हतं. त्याच्याशिवाय केंद्र सुरूच झालं नसतं. दम धरायची वेळ आली तेव्हा मात्र सर्किट न येणारी टिकली. त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पोलिसांच्या खोलीत मी काय केलं असतं हे मला तरी सांगता येत नाही. पण आपल्या चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये पहिल्या गोष्टीचे सगळे मार्क आहेत आणि दुसऱ्या गोष्टीचा एकही नाही, एवढं नक्की.

गेल्या दिवाळीत मी बँड स्विच नीट जोडला. दोन कपॅसिटर बदलले. रेडिओ घरघरला आणि लागला! आजोबांनी काटा हळूहळू सात मेगाहर्ट्झवर आणला. तिथं आता हॅम लोक बोलतात, पण एसएसबीवर, त्यामुळे साध्या रेडिओवर ते बदकासारखं ऐकू येतं. एक शब्द कळत नव्हता. आजोबा तरी कान लावून अर्धा तास बसले होते. या वेळी मी हसलो नाही, शेजारी जाऊन बसलो.