वाल्डेमार हाफकिन: पटकीची लस आणि तुलनेचा धडा

धानाची रोवणी सुरू झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात. सलाईन लावताना मला अनेकदा मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे नाव आठवते. ते नाव ज्यांचे, ते हाफकिन डॉक्टर नव्हते. प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते.

पॅरिसमधील प्रयोग

त्यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते आधी ग्रंथालयात काम करू लागले. तिथेच त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी पहिली सुई त्यांनी स्वतःला टोचून घेतली.

एकच वस्ती, दोन गट

१८९३ मध्ये ते भारतात आले. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीत पटकी पसरली. तिथल्या सुमारे २०० जणांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर १० जण आजारी पडले आणि ७ दगावले. हे सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. हवा तीच, वस्ती तीच, फरक फक्त लशीचा. औषध लागू पडते का, हे अशा तुलनेशिवाय कळत नाही. आज आपण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतो. तेव्हा लस ज्याच्या-त्याच्या इच्छेवर होती. ही त्या अभ्यासाची मर्यादा होती.

मुंबई आणि मुलकोवाल

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तीही आधी स्वतःलाच टोचली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना ही लस दिली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सर्वांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केले गेले. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता. बाटली उघडली तेव्हा लशीला दुर्गंधी नव्हती, म्हणजे दोष प्रयोगशाळेतला नव्हता. रोनाल्ड रॉस यांनीही त्यांची बाजू मांडली. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, पण उमेदीची वर्षे गेली होती. १९२५ मध्ये मुंबईच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

त्या लशीचे संरक्षण काही काळच टिकत असे. आता तोंडावाटे घ्यायच्या लशी आहेत. तरी पटकीत जीव जातो तो अंगातले पाणी आणि क्षार संपल्याने. म्हणून जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाणी पाकिटावर लिहिलेल्या मापानेच घ्या. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा रुग्ण सुस्तावला, तर त्याला लगेच दवाखान्यात न्या.