फिरत्या दांड्याची परीक्षा : लक्ष्मणराव किर्लोस्कर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एका मित्राने मला आपला प्रकल्प पाहायला बोलावले. तो सोलापुरातच अभियांत्रिकी शिकतो. जाड लोखंडी पायावर दोन बेअरिंग, त्यांत बसवलेला हातभर लांबीचा पोलादी शाफ्ट, एका टोकाला विजेची मोटार, मधोमध भार टांगण्याची तरफ आणि बेअरिंगची उष्णता दाखवणारा तापमापक, असे ते चाचणीयंत्र होते. हाताने फिरवला तेव्हा शाफ्ट अगदी लोण्यासारखा फिरला. मग मोटार लावून भार चढवला, आणि दहा मिनिटांत एक बेअरिंग हात लावू नये इतके तापले. दोन्ही बेअरिंग एका रेषेत बसली नव्हती. फरक होता केसाच्या जाडीएवढा! मित्र खट्टू झाला. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट उमगली. रिकामा फिरणारा दांडा काहीच सांगत नाही. त्याचे खरेखोटे भाराखालीच कळते.

तसे पाहिले तर ही विद्या आपल्याला परकी नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण लागते हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. सोलापूरच्या कापडगिरण्या भरभराटीत होत्या तेव्हा तेथील असंख्य चात्या अशाच आधारांवर गरगरत असत. दांडा आणि त्याला धरणारी जागा यांत फट जास्त ठेवली तर खडखडाट होतो. मुळीच ठेवली नाही तर तेलाला शिरायला वाव उरत नाही आणि धातू धातूला घासून जळतो. दांड्याचे वजन मध्यरेषेच्या जरा एका अंगाला असले, तर वेग दुप्पट होताच हादरा चौपट होतो. हे सारे कागदावर मांडता येते. पण कागद कितपत खरा, हे यंत्र चालू झाल्यावरच ठरते. महाराष्ट्रात हा धडा ज्यांनी आधी स्वतः गिरवला आणि मग इतरांना दिला, त्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागेल. नवल असे, की ते या क्षेत्रात आले ते चित्रकलेच्या वाटेने!

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. अशा विद्याव्यासंगी घरात लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत मात्र रमेना. त्यांना वेड दोन गोष्टींचे: चित्रे काढण्याचे आणि यंत्रांचे. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या पाठिंब्यावर ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण दोन वर्षांतच त्यांना काही रंगांतील भेद नीट दिसत नाही असे आढळून आले. चित्रकार होण्याची आकांक्षा बाळगणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता?

रंग गेले तरी रेषा उरली होती. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळवला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले. यांत्रिक रेखाटनात रंगाला किंमत नसते. तेथे मध्यरेषा चुकली की सर्वच चुकते, कारण त्या रेषेभोवतीच पुढे पोलाद फिरायचे असते. फावल्या वेळात ते संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन प्रत्यक्ष यंत्रांवर हात चालवीत. हाताला डाग पडू न देता यंत्रविद्या येत नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

त्याच सुमारास मुंबईत सायकल नवी होती. लक्ष्मणरावांनी ती पाहिली, चालवायला शिकले आणि बेळगावला रामुअण्णांच्या मदतीने सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ हा मानला जातो. सायकल हे खेळणे वाटले तरी दांडा आणि बेअरिंग यांची ती उत्तम शाळा आहे. चाकाच्या हबमधले छर्रे घट्ट आवळले की चाक जड होते, सैल ठेवले की डगमगते. दुरुस्त केलेली सायकल बरी झाली की नाही, हे दुकानात नव्हे, रस्त्यावर कळते.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. पगाराची नोकरी सोडून सायकलच्या दुकानात बसणे हे त्या काळच्या पांढरपेशा घराला पचणारे नव्हते. पण त्या अपमानातूनच एक कारखानदार जन्माला आला.

बेळगावला त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. या दोन वर्षांचा विचार आपण करावा. माल तयार आहे, पैसा अडकला आहे आणि गिऱ्हाईक वळून पाहत नाही. लक्ष्मणरावांची खात्री वादविवादाने कुणाला पटणारी नव्हती. काळ्या रानात, बैलांच्या ओढीखाली नांगर टिकला तरच ती पटणार होती. शेत हेच त्यांचे चाचणीयंत्र होते आणि शेतकरी हाच परीक्षक.

नांगर खपू लागले तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली. बिऱ्हाड, यंत्रे आणि कामगार घेऊन जायचे कुठे? अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंग पारखणाऱ्या राजाने रंग न दिसणाऱ्या यंत्रकाराची पारख केली, हा योगायोग मोठा हृद्य आहे.

१० मार्च १९१० रोजी त्या निवडुंगाच्या आणि सापांच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. कामगारांसाठी घरे बांधली गेली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणीचे काम दिले. ज्यांच्यावर जगाने विश्वास टाकायचे सोडले होते, त्यांच्यावरच विश्वासाचा भार टाकून पाहिला. आणि ती माणसे त्या भाराखाली वाकली नाहीत.

येथील कामगिरी केवळ लोखंडाची नव्हती. १९२० साली याच माळावरून पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर’ मासिकाला आरंभ केला, १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. ज्या जागेत भट्टी पेटत होती, तेथूनच मराठी मध्यमवर्गाला नवे विचार मिळत होते. कला आणि यंत्र यांत आपण जी भिंत उभी करतो, ती किर्लोस्करवाडीला ठाऊक नव्हती.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप आणि लेथ अशी यंत्रे येत गेली. नांगर ओढला जातो. पंप आणि लेथ फिरतात. येथून पुढे कारखान्याची इभ्रत फिरत्या दांड्यावर टांगली गेली. लेथचा मुख्य दांडा जेवढा अचूक, तेवढेच त्याच्यावर कातलेले काम अचूक. पंपाचा शाफ्ट जरा वाकडा असला की बेअरिंग झिजते, पाणी गळते आणि ऐन उन्हाळ्यात शेतकऱ्याचे पीक धोक्यात येते. कारखान्यातली केसभर चूक शेतात हातभर होते.

पुढची पिढी या कामाला शास्त्रशुद्ध शिक्षण घेऊन आली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म २८ मे १९०३ रोजी आपल्या सोलापुरातच झाला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमधून यंत्र-अभियंता होऊन ते परतले. १९४१ साली हरिहरला यंत्रे बनवणारी यंत्रे घडू लागली आणि १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांची कंपनी निघाली. मात्र उतारवयात लक्ष्मणरावांना एक विदारक प्रसंगही पाहावा लागला. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, १९४८ साली, किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. वाडी पुन्हा उभी राहिली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज किर्लोस्करवाडीत पंप प्रत्यक्ष चालवून त्यांची परीक्षा घेणारे मोठे संशोधन केंद्र आहे. ज्या माणसाने शेताला परीक्षक मानले, त्याच्या गावी हे केंद्र असणे मला उचित वाटते.

आपल्यापैकी कित्येकजण कला शाखेत आलो ते दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून, हे मनातल्या मनात तरी कबूल करायला हरकत नसावी. लक्ष्मणरावांचे नेमके उलटे झाले. त्यांना कलेने नाकारले. पण नाकारले गेलेल्या वाटेवरून त्यांनी आपल्या हातातली रेषा सोबत नेली आणि तिच्यावर सबंध कारखाना उभा केला.

माझ्या मित्राने पुढच्या आठवड्यात दोन्ही बेअरिंग सोडवली, खाली पातळ पत्र्याचे तुकडे सारून ती एका रेषेत आणली आणि भार पुन्हा चढवला. मी तासभर तापमापकाकडे पाहत बसलो. पारा थोडा चढला आणि स्थिर राहिला. शाफ्ट फिरतच होता.