ऑटो लिलिएंटाल

ऑटो लिलिएंटाल (२३ मे, १८४८ – १० ऑगस्ट, १८९६) हे जर्मन अभियंते व उड्डाणविद्येचे आद्य प्रवर्तक होते. इंजिनविरहित ग्लायडरच्या साहाय्याने वारंवार यशस्वी उड्डाणे करणारी पहिली व्यक्ती म्हणून ते ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

लिलिएंटाल यांचा जन्म प्रशियातील आंकलाम येथे झाला. वडिलांचे अकाली निधन झाल्याने मुलांचा सांभाळ आईने केला. धाकटे बंधू गुस्टाव्ह यांच्यासह ते बालपणी करकोच्यांचे उड्डाण न्याहाळीत असत. बर्लिन येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी १८८३ मध्ये बाष्पित्र व वाफेच्या इंजिनांचा कारखाना काढला. पुढे कारखान्याच्या नफ्याचा चौथा हिस्सा ते कामगारांत वाटू लागले.

संशोधन व उड्डाणे

पंखांच्या बाकामुळे हवेचा वर उचलणारा जोर वाढतो, हे त्यांनी मोजमापांनी दाखविले. हे निष्कर्ष मांडणारा त्यांचा पक्ष्यांच्या उड्डाणावरील ग्रंथ १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९१ मध्ये डेर्विट्झजवळ त्यांनी सुमारे २५ मीटर झेप घेतली. नंतर ऱ्हिनोव्हच्या टेकड्यांवरून ते २५० मीटरपर्यंत जाऊ लागले. बर्लिनजवळ त्यांनी उड्डाणांसाठी १५ मीटर उंचीची कृत्रिम टेकडी उभारली. त्यांच्या उड्डाणांची एकूण संख्या सुमारे दोन हजार होती.

उतारावरून वाऱ्याच्या दिशेला तोंड करून धावत ते झेप घेत. समोरच्या वाऱ्यामुळे पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि थोड्याच पावलांत पाय जमिनीवरून सुटतात. तोल सांभाळण्यासाठी मात्र त्यांना शरीर पुढे-मागे वा डावीकडे-उजवीकडे झुकवावे लागे. वाऱ्याचा जोर अकस्मात बदलल्यास हा उपाय तोकडा पडे.

अपघाती मृत्यू

९ ऑगस्ट, १८९६ रोजी श्टोल्न गावाजवळील गोलेनबर्ग टेकडीवरून उड्डाण करताना उष्ण हवेच्या झोताने ग्लायडरचे नाक वर उचलले गेले. पंखांचा हवेशी होणारा कोन प्रमाणाबाहेर वाढला, वेग सरला आणि वर उचलणारा जोर नाहीसा झाला. अंग पुढे झोकूनही त्यांना तोल सावरता आला नाही. सुमारे १५ मीटर उंचीवरून कोसळून त्यांच्या मानेचा मणका मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी आग्नेस व चार अपत्ये होती.

प्रभाव

या मृत्यूच्या वार्तेने अमेरिकेतील राइट बंधूंचे लक्ष उड्डाणाच्या प्रश्नाकडे नव्याने वेधले. केवळ शरीर झुकवून झोतांशी सामना करता येणार नाही, हे ओळखून त्यांनी पंखांना पीळ देऊन तोल राखण्याची पद्धत शोधली. १७ डिसेंबर, १९०३ रोजी त्यांचे इंजिनयुक्त विमान समोरच्या जोरदार वाऱ्यात उडाले. चौथ्या उड्डाणानंतर जमिनीवर उभे असतानाच ते वाऱ्याच्या झोताने उलथून मोडले. आजही लहान विमाने शक्यतो वाऱ्याच्या समोरूनच उड्डाण करतात आणि झोतांच्या वाऱ्यात अधिक वेग राखतात.