प्वाँकारे आणि दुसरी सही

बँकेत व्हाउचरवर एकच सही चालत नाही. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे. ही सवय माझ्या अंगात मुरलेली. म्हणूनच असेल, आंरी प्वाँकारे या फ्रेंच गणितज्ञाचे चरित्र वाचताना मी त्याच्या शोधांपेक्षा चुकांतच अधिक रमलो.

जन्म १८५४, नान्सी. लहानपणी घटसर्पाने काही महिने वाचा गेली. नजर इतकी अधू की फळा नीट दिसत नसे. ऐकूनच सारे डोक्यात ठेवायचे. नोकरी खाण-इंजिनिअरची. १८७९ मध्ये मान्यीच्या कोळसाखाणीत स्फोट होऊन कामगार दगावले, तेव्हा हा पंचविशीतला तरुण खाली उतरला आणि एका दिव्याला पडलेले कुदळीचे भोक त्याने हुडकून काढले.

खाणीतले भोक सापडले, पण स्वतःच्या लेखनातले दिसेना! एकदा लिहिलेले पुन्हा घोटत बसायचा त्याला कंटाळा. १८८९ साली स्वीडनच्या राजाने ठेवलेले २,५०० क्रोनरचे बक्षीस त्याच्या ग्रहगतीवरील निबंधाला मिळाले. छपाईच्या वेळी फ्रागमेन नावाच्या तरुणाने काही शंका काढल्या. उत्तरे शोधताना प्वाँकारेला स्वतःलाच दुसरीकडे भलीमोठी चूक सापडली. वाटलेल्या प्रती परत मागवल्या, वाया गेलेल्या छपाईचे ३,५०० हून अधिक क्रोनर त्याने स्वतः भरले. बक्षिसापेक्षा भुर्दंड मोठा! मात्र ती चूक निस्तरतानाच, आज ज्याला 'केऑस' म्हणतात त्याचे पहिले दर्शन त्याला घडले. (फ्रागमेन पुढे विमा व्यवसायात गेला, हे वाचून मला आपला माणूस भेटल्यासारखे वाटले.)

१८९५ मध्ये त्याने 'अनॅलिसिस सिटस' लिहून आधुनिक टोपॉलॉजीचा पाया घातला. वस्तू ताणा, वाकवा; फाडली-चिकटवली नाही तर तिच्यातली भोके तेवढीच राहतात. या हिशेबाने मेदूवडा आणि बांगडी एकच. ही भोके मोजायची रीत त्याने दिली. १८९८ मध्ये डेन्मार्कच्या हेगार्डने तिथेही चूक दाखवली. प्वाँकारेने पुरवणी लिहिली; १९०० सालच्या पुरवणीत पुन्हा एक चुकीचे विधान, आणि १९०४ मध्ये ते खोडून काढणारे उदाहरण त्याचेच! तेव्हा त्याने विचारलेला प्रश्न पेरेलमनने २००२-०३ मध्ये सोडवला. ते उत्तर तपासायला जाणकारांना काही वर्षे लागली.

आता ही भोके संगणक मोजतो, मज्जापेशींच्या छायाचित्रांतले सांधे मोजायलाही ही रीत वापरतात. पण मोजणारा प्रोग्रॅम बरोबर कशावरून? २०१२ मध्ये स्पेन, फ्रान्स आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी असा प्रोग्रॅम 'कॉक' या सिद्धता-सहायकाकडून तपासून घेतला. माणूस एकेक पायरी सांगतो. पटल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नाही. कितीही थोर माणूस असो, त्याच्या शब्दावर पास नाही.

प्वाँकारेला मात्र असले यांत्रिक गणित मुळीच मानवत नसे. शिकागोत म्हणे एका बाजूने डुकरे घातली की दुसरीकडून सॉसेज बाहेर पडते, तशा यंत्राची उपमा देऊन त्याने त्याची थट्टा केली होती.

१९११ च्या अखेरीस, प्रकृती ढासळलेली असताना, त्याने भूमितीचे एक प्रमेय अपुऱ्या सिद्धतेसकट छापायला धाडले. पुरे करायला वेळ मिळेल याची त्याला खात्री नव्हती. जुलै १९१२ मध्ये तो गेला. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कहॉफने ते सिद्ध केले.