जॅकार्ड: माग तोच, नक्षी नवी

सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या मागावर निघते त्याला जॅकार्ड म्हणतात. पण हे मुळात माणसाचं आडनाव आहे: जोसेफ मारी जॅकार्ड. मी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि मला हा माणूस थेट आमच्या धंद्यातला पूर्वज वाटतो.

जन्म १७५२, फ्रान्समधलं लिआँ, म्हणजे रेशमाची मोठी पेठ. वडील विणकर. तेव्हा नक्षीदार कापड विणायला विणकराच्या जोडीला मदतनीस लागायचा, बऱ्याचदा लहान पोर. धोटा प्रत्येक वेळी फिरण्याआधी ताण्याचे नेमके धागे वर यावेत म्हणून तो दोऱ्या ओढत बसे. वडिलांमागे जोसेफला माग मिळाले, पण कर्जापायी ते हातचे गेले. १७९३ मध्ये क्रांतीच्या फौजांनी लिआँला वेढा घातला, तेव्हा तो शहराच्या बाजूने लढला. शहर पडल्यावर मुलाला घेऊन निसटला खरा, पण काही वर्षांतच तो एकुलता मुलगा लढाईत गेला.

पन्नाशीच्या आसपास त्याला पॅरिसला बोलावलं गेलं. तिथे व्होकान्सोंचा जुना स्वयंचलित माग त्याच्या पाहण्यात आला. भोकं पाडलेल्या कागदाची कल्पना त्याही आधीची, १७२५ मधली, बुशोंची. जॅकार्डने हे सगळं नीट जुळवलं आणि १८०४ च्या सुमारास त्याचं यंत्र तयार झालं.

त्याचं काम असं चालतं. बाण्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड. कार्डावर भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा हुक जागेवर राहतो आणि वर उचलला जातो, सोबत धागाही. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि हुक सुटतो. कार्डं एकमेकांना बांधून त्यांची माळ करायची. नवी नक्षी हवी? माळ बदला, माग तोच.

आता हे बघा. मी एका कारखान्यात अशी सिस्टीम पाहिली आहे जिच्यात सुट्या भागांची मापं थेट कोडमध्ये लिहिलेली होती. नवा भाग आला की प्रोग्रामरला फोन! रोज बदलणारी गोष्ट यंत्राबाहेर ठेवायची, हे जॅकार्डने दोनशे वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. शिवाय त्याचं यंत्र मागाच्या डोक्यावर बसायचं, त्यामुळे पुढे खाली यंत्रमाग आला तरी ते चाललं. आज कार्डांच्या जागी कंप्युटर आहे, हुक मात्र अजून आहेत.

विणकरांनी त्याला कडाडून विरोध केला. दोऱ्या ओढणाऱ्यांची रोजीरोटीच जात होती, त्यामुळे मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. १८०५ मध्ये नेपोलियनने यंत्र सार्वजनिक मालकीचं केलं आणि जॅकार्डला वर्षाला ३,००० फ्रँक पेन्शन लावून दिली. कार्ड पुढे सरकवण्यातला अडखळता भाग नंतर ब्रेतों नावाच्या कारागिराने सुधारला. त्याचं नाव आज कुणाला ठाऊक नाही.

जॅकार्ड १८३४ मध्ये वारला. पाच वर्षांनी लिआँमध्ये त्याचं चित्र रेशमात विणलं गेलं, सुमारे २४,००० कार्डं वापरून. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजच्या लंडनच्या घरी होती. आपल्या नियोजित गणनयंत्रालाही बॅबेजने अशीच कार्डं योजली होती. घरी आलेल्या वेलिंग्टनच्या ड्यूकला मात्र ते विणलेलं चित्र छापील वाटलं.