नाथांचे घर

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणास गेलेल्या वारकऱ्याच्या मनात दोन ठिकाणे कायमची राहतात. एक गोदेच्या तीरावरची नाथांची समाधी आणि दुसरा गावातला नाथांचा वाडा. समाधीपुढे आपण माथा टेकतो. वाड्यात पाऊल टाकले की मात्र आपण कोणाच्या तरी घरी आलो, असे वाटते. त्या घराचीच कथा आज श्रोत्यांपुढे, म्हणजे वाचकांपुढे, ठेवावयाची आहे.

श्रीएकनाथांचा जन्म शके १४५५ च्या (इ. स. १५३३) सुमारास झाला असे मानतात. कूळ थोर. पणजोबा भानुदास, ज्यांनी विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणली. भानुदासांचे चक्रपाणी, चक्रपाणींचे सूर्यनारायण. सूर्यनारायण आणि रुक्मिणी यांच्या पोटी नाथ आले. पण आईबाप दोघेही बाळपणीच निवर्तले. लेकाचे आणि सुनेचे दुःख गिळून म्हाताऱ्या आजा-आजीने नातू वाढविला. नाथांना घर कळले ते आजीच्या मांडीवर आणि पणजोबांच्या गोष्टींत.

असे हे घरातले एकुलते लेकरू बारा वर्षांच्या सुमारास कोणाला न सांगता घर सोडून निघाले. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या चरणी गेले. तिथली सेवा, हिशेबातल्या एका पैच्या चुकीसाठी जागविलेली रात्र, हे सारे आपण कीर्तनात ऐकतोच. पण इकडे पैठणात त्या दोन म्हाताऱ्या जिवांचे काय झाले असेल, ते कोणी मनात आणतो का? चरित्रकार सांगतात की चक्रपाणी शोध घेत स्वामींपर्यंत पोहोचले आणि नाथांनी पैठणास राहून संसार करावा, असे आज्ञापत्र घेऊन आले. पुढे तीर्थयात्रा करून नाथ पैठणला आले, ते घरी न जाता गावाबाहेर उतरले. आजोबांनी थरथरत्या हातांनी ते पत्र पुढे केले. नाथांनी गुरूंचे अक्षर मस्तकी धरले आणि जेथे पत्र मिळाले तेथेच वस्ती केली. त्या जागी घर उभे राहिले. बघा, परमार्थासाठी घर सोडले आणि परमार्थानेच हाताला धरून परत घरी बसविले!

गिरिजाबाई गृहिणी होऊन आल्या. एकनाथी भागवत शके १४९५ मध्ये (इ. स. १५७३) पूर्ण झाले आणि शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. एवढे ग्रंथकार्य केले, पण घरातली चूल कधी थंड पडली नाही. नित्य पुराण, रात्री कीर्तन, आणि दारी येईल त्याला अन्न. अहो, हे सारे गिरिजाबाईंच्या बळावर! नाथांच्या शांतीचे आपण गोडवे गातो, तेव्हा त्या माउलीच्या हातांनाही नमस्कार करावा.

एके वर्षी घरी श्राद्ध होते. श्राद्ध म्हणजे कुळाची आठवण. अन्नाचा वास रस्त्यावर गेला आणि अस्पृश्य मानलेल्या एका कुटुंबातली भुकेली लेकरे दारापाशी थांबली. नाथांनी व गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांनाच वाढले. आमंत्रित ब्रह्मवृंद रागावला, पानावर कोणी बसेना. तेव्हा, कथा सांगते, साक्षात् पितरच येऊन जेवून गेले. घरातल्या वाडवडिलांना कशाने तृप्ती होते, ते या कथेत आले आहे.

पण बाहेरच्या रागापेक्षा घरातला राग जड जातो. नाथांचे पुत्र हरिपंडित मोठे शास्त्री. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, हे त्यांना सोसवेना. ते काशीस निघून गेले. नाथ स्वतः त्यांना आणावयास गेले. पुत्राने दोन अटी घातल्या: प्राकृत निरूपण बंद, परान्न बंद. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. लेक घरी यावा म्हणून बापाने स्वतःची वाणी आवरली! हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले आणि श्रोते एकेक करून कमी होत गेले. वाडा सुना झाला.

पुढे एका गरीब बाईने सहस्रभोजनाचा संकल्प फेडण्यासाठी नाथांना एकट्याला जेवावयास बोलाविले. स्वयंपाक हरिपंडितांनी स्वतः केला. नाथ जेवले, पुत्र उष्टे पान उचलू लागला, तो खाली दुसरे पान. तेही उचलले, तर आणखी एक. अशी हजार पाने निघाली म्हणतात. हरिपंडितांचा अभिमान त्या पानांबरोबर गेला आणि त्यांनी वडिलांना पुन्हा प्राकृत पुराण सांगण्याची विनंती केली.

प्रस्तुत लेखक ही कथा सांगताना दर वेळी अडखळतो. पाठशाळेतून व्याकरण शिकून घरी आलो, तेव्हा आईच्या जात्यावरच्या ओव्यांतले शब्द मी अशुद्ध म्हणून दुरुस्त करीत असे. ती काही बोलली नाही. नुसती गप्प दळू लागली. त्या ओव्या आज मला आठवत नाहीत, आणि सांगणारी राहिली नाही. हरिपंडितांना वेळेवर कळले, हे त्यांचे भाग्य.

शके १५२१ च्या (इ. स. १५९९) फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदेत देह ठेवला असे परंपरा मानते. कन्येचे पुत्र मुक्तेश्वर पुढे मराठीतच भारत सांगून गेले. आजोबांची वाणी नातवाकडे आली. कूळ असे चालते.

श्रीखंड्याच्या रूपाने देवाने ज्यात पाणी भरले, तो रांजण वाड्यात दाखवितात. भाविक त्यात आजही पाणी ओततात. देवाला ज्या घरी चाकरी करावीशी वाटली, ते घर कसे असेल? षष्ठीहून परतल्यावर आपल्या उंबरठ्यावर क्षणभर उभे राहून हे मनाला विचारावे. आणि आत म्हातारे माणूस काही गुणगुणत असेल, तर न दुरुस्त करता ऐकावे.